हजिऱ्याहून बार्जवर : खानदेशातल्या एका फिटरचे प्रकरण

धरणगाव तालुक्यातले एक कोरडवाहू घर. थोडी जमीन, त्यात कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. दोन भाऊ. थोरला शेती बघतो, धाकटा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड करून जळगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलेला. घरात त्याला धाकटा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख कळू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, कामाचे मात्र जसे घडले तसे लिहिले आहेत.

प्रकरण माझ्याकडे आले ते थोरल्यामुळे. समुद्रातल्या तेलवायूच्या प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचे काम करून मी निवृत्त झालो, आता अमळनेरला असतो. ऑफशोअरचे, म्हणजे समुद्रातल्या नोकरीचे कागद घेऊन मुले येतात, तसाच हाही आला. फरक एवढाच की पैसे भरायच्या आधी आला. बहुतेक जण नंतर येतात.

कागद म्हणजे इंग्रजीतले ऑफर लेटर. आखाती समुद्रातल्या रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर 'रोस्टअबाउट'ची जागा, पगार डॉलरमध्ये, राहणे-जेवणे फुकट, दोन वर्षांचा करार. त्याबदल्यात एजंटला 1 लाख 80 हजार रुपये, त्यात 'कोर्स, मेडिकल, व्हिसा सगळे आले'. तालुक्याच्या गावात पासपोर्टचे फॉर्म भरून देणारा एक दुकानदार मध्यस्थ होता. मुंबईचा एजंट कोणी पाहिलेला नव्हता. घरी जमिनीचा एक तुकडा गहाण टाकायचे ठरत आले होते. वडिलांचा मुद्दा साधा होता. शेजारच्या गावातला एक मुलगा असाच गेला आणि दोन वर्षांत त्याने स्लॅबचे घर बांधले. "तो पोऱ्या गया ना!" एवढ्यावर त्यांचे बोलणे संपायचे.

पत्र खरे की खोटे हे नंतर बघू, आधी त्यातली नोकरी काय आहे ते समजून घे, असे मी धाकट्याला सांगितले. रोस्टअबाउट म्हणजे रिगच्या डेकवरचा सगळ्यात खालचा गडी. क्रेनला माल अडकवायचा, सोडवायचा, पाइप रचायचे, डेक धुवायचा, गंज खरवडून रंग मारायचा. कामात कमीपणा काही नाही. ड्रिलिंगची सारी शिडी इथूनच सुरू होते : रोस्टअबाउट, मग ड्रिल फ्लोअरवरचा फ्लोअरमन, मग मनोऱ्यावर उंच उभा राहणारा डेरिकमन, मग असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर आणि शेवटी या सगळ्यांचा प्रमुख टूलपुशर. ड्रिलरच्या खुर्चीत बसायचे तर विहिरीचा दाब काबूत ठेवण्याची परीक्षा द्यावी लागते आणि ती दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. या शिडीवर आयटीआयच्या फिटरचे कौशल्य जवळजवळ कामी येत नाही. दोन वर्षे हातात पाना-फाइल घेऊन जे शिकला ते बाजूला ठेवून शून्यापासून सुरुवात. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या लेखी 'ऑफशोअर' हीच एक नोकरी होती. समुद्र हे फक्त कामाचे ठिकाण आहे, तिथे फिटर फिटरच असतो आणि स्वयंपाकी स्वयंपाकीच, हे घरात कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

आता पत्र. रिगचे नाव नाही. मुलाखत झालेली नाही. ई-मेल फुकटच्या खात्यावरून आलेला. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पत्रावरचा परवाना क्रमांक तिथे टाकला तर तो भलत्याच एजन्सीचा निघाला. पुढे शुल्क. नियमाप्रमाणे परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. इथे त्याच्या सहा पट, आणि रोख.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, हे जहाजाचं काम आहे, त्याचे नियम वेगळे." बरोबर आहे, वेगळे आहेत. जहाजावर खलाशी भरणाऱ्या एजन्सीला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तिला खलाशाकडून नोकरीसाठी एक पैसाही घेता येत नाही. कुठलाही नियम लावा, 1 लाख 80 हजार कशातच बसत नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी दहावी झालेल्या प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवावी. दहावी पास असला की पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट लागत नाही. घरचे याला मोठा फायदा समजतात. पण त्याचा अर्थ असाही होतो की आखाती देशात कामाला निघालेल्या दहावी न झालेल्या मजुराचा करार सरकारी कार्यालयात एकदा तरी नजरेखालून जातो, तुमचा जात नाही. एजंट तुम्हाला व्हिजिट व्हिसावर विमानात बसवून देऊ शकतो. उतरल्यावर रिग नसते, वाळवंटातली एखादी यार्ड असते आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात. शेजारच्या गावातल्या त्या मुलाला फोन लावून विचारले. तो रिगवर नव्हताच. रिफायनरीच्या बांधकामावर स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारा होता, मेहनतीने पुढे आला होता आणि त्याने एजंटला पैसे दिले होते ते दुसऱ्याच कामासाठी. वडील त्यानंतर गहाणाचे बोलले नाहीत.

मग करायचे काय? इथे आमच्या भागातली एक गंमत सांगायला हवी. खानदेशी माणसाला समुद्र म्हटले की मुंबई आठवते, पण तेलवायूचा समुद्र आपल्याला सुरतेकडून जवळ आहे. आपली तापी जिथे खाडी होऊन अरबी समुद्राला मिळते तिथेच हजिरा. समुद्रातल्या बसीन क्षेत्रातला वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने तिथे येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, तो हजिऱ्याच्या प्रकल्पात काढला जातो आणि मग गॅस पुढे देशभर जातो. शेजारीच पेट्रोकेमिकल, खत, पोलाद यांचे मोठे कारखाने. सुरत-भुसावळ लाइनवर रात्री गाडीत बसले की सकाळी उधना, आणि उधना-लिंबायतमध्ये अर्धा खानदेश राहतोच. धाकट्याचा मामा तिथे लूमवर होता. राहायची सोय झाली.

कारखाने ठराविक काळाने पूर्ण बंद करून दुरुस्त करतात, त्याला शटडाउन म्हणतात. पंधरा-वीस दिवस, कधी महिना, बारा-बारा तासांच्या पाळ्या, कंत्राटदाराला फिटर मिळता मिळत नाहीत. धाकटा तिथे शिरला. पहिल्या शटडाउनला हेल्पर, दुसऱ्यापासून फिटर. एमआयडीसीत त्याने कन्व्हेयरचे बेअरिंग बदलले होते. इथे फ्लेंज (दोन पाइप बोल्टने जोडणारी चकती) उघडणे, त्यातले गळती रोखणारे गॅस्केट बदलणे, स्टड बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळणे, टॉर्क रेंच लावणे, पाइपचा आयसोमेट्रिक नकाशा वाचणे असे काम हाताला लागले. माझ्या मते त्याच्या साऱ्या प्रकरणात हा काळ सगळ्यात मोलाचा, आणि त्याला स्वतःला तो सगळ्यात रटाळ वाटला. "काका, हे तर जमिनीवरच आहे," असे फोनवर म्हणायचा. समुद्रातही फ्लेंज तेच असतात, असे मी सांगायचो.

त्याच काळात ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या अप्रेंटिसशिपचा विचारही झाला. आयटीआयवाल्यांना ती मिळते, विद्यावेतन मिळते, प्रमाणपत्राला वजन आहे, पण संपल्यावर नोकरीची हमी नाही. कायम नोकरीच्या तांत्रिक भरतीची जाहिरात दरवर्षी येईलच असेही नाही. तिथले कायम कर्मचारी समुद्रात चौदा दिवस आणि घरी चौदा दिवस असे काम करतात. ही नोकरी लागली तर सोन्याहून पिवळे, पण तिची वाट बघत घरी बसणे म्हणजे वयाची मर्यादा उलटेपर्यंत अर्ज भरणे. धाकट्याने अर्ज भरत राहायचे आणि काम थांबवायचे नाही, असे ठरले.

हजिऱ्यातल्या एका सुपरवायझरने समुद्रातले कंत्राट घेतले तेव्हा धाकट्याला सोबत बोलावले. एजंट नाही, पैसे नाहीत. आधी मेडिकल : रक्तदाब, साखर, कानाची तपासणी, रंग ओळखण्याची चाचणी. त्याच्याबरोबरचा एक इलेक्ट्रिशियन रंगांधळेपणामुळे तिथेच गळाला. तोवर त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. लाल-हिरव्या तारा तो इतकी वर्षे कशा जोडत होता कोण जाणे. आयटीआयला प्रवेश घेण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी प्रत्येकाने करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मग समुद्रात जीव वाचवण्याचे मूलभूत प्रशिक्षण आणि दुसऱ्या हंगामात, हेलिकॉप्टरने जायची वेळ आली तेव्हा, हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यास बाहेर पडण्याचे. सगळ्यांना भीती असते ती याची. तलावात हेलिकॉप्टरच्या आकाराचा पिंजरा बुडवतात आणि उलटा करतात. पट्टा बांधलेला, डोके खाली, नाकात पाणी. एक हात खिडकीच्या कडेवर पक्का, पिंजरा फिरायचा थांबेपर्यंत हलायचे नाही, मग खिडकी ढकलायची आणि सगळ्यात शेवटी पट्टा सोडायचा. घाबरलेला माणूस आधी पट्टा सोडतो, मग त्याला वर-खाली कळत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या धाकट्याला पाण्याची भीती नव्हती, तरी पहिल्यांदा त्याने पट्टाच आधी सोडला.

पहिला हंगाम बार्जवर, म्हणजे कामगारांची राहायची सोय असलेल्या सपाट बुडाच्या बोटीवर. जागा मुंबई हाय, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवरचे तेलक्षेत्र. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. म्हणजे तिथले जुने पोलाद जवळजवळ पन्नास वर्षे खाऱ्या हवेत उभे आहे. नवे प्लॅटफॉर्म बसतात, पण जुन्याची गंजलेली पाइपलाइन, क्लॅम्प, जाळ्या, जिने बदलण्याचे काम न संपणारे आहे. बार्ज नांगर टाकून प्लॅटफॉर्मशेजारी उभी राहते. कामगार बार्जवर झोपतात, सकाळी प्लॅटफॉर्मवर जातात. शांत पाणी असेल तर गँगवेने, म्हणजे मधल्या छोट्या पुलावरून, नाहीतर क्रेनला टांगलेल्या बास्केटमधून. सकाळी टूलबॉक्स टॉक म्हणजे धोक्यांविषयीची छोटी बैठक, मग परमिट म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, मग काम, बारा तास. काडीपेटी, लायटर, साधा मोबाइल कामाच्या जागी बंद. दारू तर नाहीच. गायछापची पुडी पहिल्या आठवड्यात संपली आणि नंतर मिळाली नाही, हे त्याला ओटीपेक्षा जड गेले. ओटी म्हणजे ओव्हरटाइम. जेवण भरपूर, पण शेवभाजी नाही आणि कळण्याची भाकरी तर नाहीच. गॅसचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून दाढी रोज करायची. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो आणि जास्त प्रमाणात असला तर आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असे समजणारा माणूस मरतो.

परमिटचा त्याला सुरुवातीला कंटाळा यायचा. एक फ्लेंज उघडायला चार सह्या. मी त्याला 6 जुलै 1988 ची पायपर अल्फाची हकिकत सांगितली. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, त्या जागी झाकणासारखा ब्लाइंड फ्लेंज बसवलेला, तोही पूर्ण न आवळलेला. पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढल्याचा कागद रात्रपाळीपर्यंत पोहोचला नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. 167 माणसे गेली. फिटरच्या पान्याखालच्या वस्तूवरून ही दुर्घटना घडली, म्हणून फिटरला ती सांगावी. त्यानंतर त्याने सह्यांची तक्रार केली नाही. पाळी संपताना उघडे राहिलेले फ्लेंज वहीत लिहायची सवय मात्र लावून घेतली आणि सुपरवायझरच्या नजरेत तो तिथूनच भरला.

घरी मात्र वेगळीच भीती होती. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती, त्यातली सत्तराहून अधिक परतली नाहीत, आणि गेलेल्यांत बहुतेक कंत्राटी कामगार होते. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. माय टीव्हीवर ते पाहून बसलेली. "पानीमा कसाले जास?" हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही, आणि मीही तिला 'काही होत नाही' असे सांगितले नाही. 2005 मध्ये जखमी माणसाला सोडायला आलेली नौका मुंबई हाय नॉर्थवर आदळून आग लागली, 22 जण गेले, तेव्हा मी या धंद्यात होतो. धाकट्याला एवढेच सांगितले की तुझे नाव कोणत्या कंपनीच्या हजेरीवर आहे, पीएफ कोण भरते, विमा कोणाचा, हे कागदावर घेतल्याशिवाय बोटीत चढायचे नाही. प्लॅटफॉर्म मोठ्या कंपनीचा, काम मोठ्या कंत्राटदाराचे, माणसे तिसऱ्याची आणि पगार चौथा देतो, अशी साखळी असते. अपघातानंतर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. पहिल्या हंगामात त्याचा पीएफ दोन महिने भरलाच नव्हता. पासबुक मोबाइलवर दिसते म्हणून कळले, सात-आठ जणांनी मिळून विचारले, तेव्हा भरला.

आणि पावसाळा. हे कोणी एजंट सांगत नाही. ड्रिलिंग आणि उत्पादन बारा महिने चालते, पण बार्जवरचे बांधकाम-दुरुस्तीचे काम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मेअखेरीस थांबते. खवळलेल्या पाण्यात बार्ज उभी राहत नाही. म्हणजे पगार वर्षाचा नसतो, हंगामाचा असतो. जळगाव-सुरतेतला भाडेकरू मुलगा यात अडकतो, चार-पाच महिने खायचे काय? धाकट्याचे उलटे झाले. तो परत आला तेव्हा कापूस लावणी तोंडावर होती. अखाजी (अक्षय्य तृतीया) हुकली, पण श्रावणातल्या कानबाईला तो घरी होता. शेतीवाल्या घराला हे वेळापत्रक जमते, फक्त महिन्याच्या पगाराला बारांनी गुणून कर्ज काढायचे नाही. त्याच्या थोरल्याने ट्रॅक्टरचा हप्ता याच हिशेबाने घ्यायचा घाट घातला होता, तो मोडला.

दुसऱ्या हंगामानंतर खरा फाटा आला. फिटर म्हणूनच राहायचे, की पुढे? सुपरवायझरने 'सेफ्टी ऑफिसर'चा छोटा कोर्स सुचवला. मी स्पष्ट नको म्हटले. जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली असे कोर्स झालेत, आणि तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर समुद्रात कोणी सेफ्टी ऑफिसर घेत नाही, फार तर आगीची बादली धरून उभा राहणारा फायर वॉच घेतात. त्याच्या हाताशी दोन जवळच्या वाटा होत्या. एक, तपासणीची : अल्ट्रासोनिक यंत्राने पाइपची जाडी मोजणे, भेगा शोधणे, वेल्डची परीक्षा. दुसरी, दोरावरून काम करण्याची, रोप अॅक्सेस. पन्नास वर्षे जुन्या पोलादाला या दोन्ही लोकांची गरज वाढतच जाणार. डेकच्या खालची पाइपलाइन तपासायला प्रत्येक वेळी स्कॅफोल्डिंग उभारण्यापेक्षा दोरावरून जाणारा माणूस कंपनीला परवडतो, आणि त्या माणसाला जाडीही मोजता येत असेल तर दोघांचे काम एकात.

रोप अॅक्सेसमध्ये पहिली पातळी काही दिवसांच्या कोर्सने मिळते, पण दुसरीसाठी किमान एक वर्ष आणि दोरावरचे 1000 तास वहीत नोंदलेले लागतात. तपासणीत गोष्ट नाजूक आहे. लेव्हल-2 चे, म्हणजे तपासनीसाच्या दुसऱ्या पातळीचे जे प्रमाणपत्र इथे चालते ते बहुतेकदा नोकरी देणारी कंपनी तिच्या लेखी पद्धतीप्रमाणे देते. ट्रेनिंग सेंटरने दिलेला कागद म्हणजे शिक्षण झाल्याचा पुरावा, अनुभवाचे तास कोणीतरी सही करून द्यावे लागतात, आणि कंपनी बदलली की नवी कंपनी पुन्हा तपासून घेते. दहा दिवसांत पाच पद्धतींचे लेव्हल-2 देणाऱ्या जाहिराती वाचून मुले पैसे भरतात, आणि पहिल्याच मुलाखतीत यंत्र कॅलिब्रेट करता येत नाही म्हणून परत येतात.

इथे माझे आणि धाकट्याचे जमले नाही. आयटीआयवाल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, जळगाव आणि धुळ्याला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. दोन वर्षे डिप्लोमा कर, असे माझे म्हणणे होते. डिप्लोमा असेल तर इन्स्पेक्शन इंजिनिअरपर्यंतची वाट मोकळी होते आणि भरतीच्या वरच्या पदांनाही अर्ज करता येतो. थोरलाही माझ्या बाजूने. धाकट्याने नाही म्हटले. दोन हंगाम सोडले तर सुपरवायझर दुसरा फिटर शोधेल, आणि घरात आता पैसा येतो आहे तो थांबेल. शिवाय लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलीकडचे पहिला प्रश्न 'परमनंट आहे का?' हाच विचारतात, आणि त्याला 'कंत्राटी आहे' सांगणे जितके कठीण, त्याहून 'पुन्हा शिकतोय' सांगणे कठीण. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पंचविशीच्या आत डिप्लोमा न केलेले आणि चाळिशीत बार्जच्या जिन्यावर गुडघे धरून बसलेले फिटर मात्र मी पुष्कळ पाहिलेत.

सध्याची स्थिती अशी. गेल्या पावसाळ्यात त्याने अल्ट्रासोनिकचे रीतसर प्रशिक्षण घेतले. कंत्राटदाराने दिवाळीनंतर फिटर म्हणून वाढीव दराने बोलावले. धाकट्याने दराची घासाघीस केली नाही, दुसरी अट घातली : आठवड्यातले दोन दिवस तपासणीच्या टीमबरोबर, आणि त्या तासांवर त्यांच्या इन्चार्जची सही. कंत्राटदार एका दिवसावर आला. त्यावर करार झाला. ओएनजीसीचा अर्ज भरलेला आहे, उत्तर आलेले नाही. पॉलिटेक्निकचे माहितीपत्रक थोरल्याने आणून ठेवले आहे.